'रिसीव्ह' झालं म्हणजे 'ॲक्सेप्ट' झालं का? धंद्यात रोज लागणारं एक इंग्रजी क्रियापद



या वेळचा व्हिडिओ एकाच शब्दावर आहे, 'ॲक्सेप्ट'. धंद्याच्या चॅनलवर इंग्रजीचा तास कशाला, असं वाटेल. पण दिवसभरात हा शब्द कितीदा समोर येतो ते मोजा. डिलिव्हरी ॲपवर ऑर्डर आली की बटण असतं 'ॲक्सेप्ट'. काउंटरवर पाटी असते 'यूपीआय ॲक्सेप्टेड हिअर'. कंपनीच्या परचेस खात्याचा मेल येतो, 'युअर कोटेशन इज ॲक्सेप्टेड'. जीएसटी पोर्टलवर तर आता प्रत्येक खरेदी बिलासमोर हा पर्याय दिसतो. आणि आपण सगळीकडे त्याचा एकच अर्थ लावतो: 'घेतलं', 'झालं', 'चालेल'. इथेच पैसे अडकतात. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी अर्थ. इंग्रजीत दोन शेजारी शब्द आहेत, 'रिसीव्ह' आणि 'ॲक्सेप्ट'. मराठीत आपण दोन्हीला 'मिळालं' किंवा 'घेतलं' म्हणून मोकळे होतो. 'रिसीव्ह' म्हणजे वस्तू, पत्र किंवा मेसेज आपल्यापर्यंत पोचला. त्यात आपली मर्जी नाही. पोस्टमन नोटीस देऊन गेला तर ती 'रिसीव्ह' झाली, तुम्हाला आवडो न आवडो. 'ॲक्सेप्ट'मध्ये मर्जी आहे. समोरच्याने जे पुढे केलं ते मी माझं म्हणून घेतलं, त्याच्या जबाबदारीसकट. लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'स्वतःकडे घेणे' असंच आहे. आणि आपला 'स्वीकार' शब्दही बघा. संस्कृतात त्याचा अर्थच 'जे स्वतःचं नव्हतं ते स्वतःचं करणं'. म्हणजे शब्द आपल्याकडे अगदी तोडीस तोड आहे. फक्त आपण तो सत्कार 'स्वीकारण्यापुरता' ठेवला आणि धंद्यात 'ओके' वर आलो.

आता हे वाक्य बघा. 'वुई हॅव रिसीव्ड युअर कोटेशन.' नवीन उद्योजक हे वाचून खूश होतो आणि कच्चा माल उचलायला निघतो. थांबा. त्यांनी फक्त एवढंच सांगितलंय की कागद पोचला. 'युअर कोटेशन इज अंडर कन्सिडरेशन' म्हणजे अजून बघतायत. 'वुई ॲक्सेप्ट युअर कोटेशन' आलं की मग गाडी काढा. तेही वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचून.

पूर्णविरामापर्यंत का? कारण बऱ्याचदा पुढे शेपूट असतं. 'वुई ॲक्सेप्ट युअर रेट, सब्जेक्ट टू सिक्स्टी डेज क्रेडिट.' रेट मान्य, पण साठ दिवसांच्या उधारीवर. आपल्या देशाचा करार कायदा, इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, १८७२ सालचा आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. तुम्ही पाठवलेल्या प्रस्तावाला अट जोडून 'हो' म्हटलं तर तो स्वीकार नाही, तो त्यांच्या बाजूचा नवा प्रस्ताव झाला. चेंडू परत तुमच्या अंगणात. आता तुम्ही मुकाट्याने माल पाठवला, तर त्यांची साठ दिवसांची अट तुम्हीच मान्य केली असं दिसतं. मग पंधराव्या दिवशी पैसे मागायला गेलात की साहेब मेल काढून दाखवतात. म्हणून 'सब्जेक्ट टू', 'प्रोव्हायडेड दॅट', 'बट' हे शब्द 'ॲक्सेप्ट'च्या पुढे दिसले की लाल पेन काढायचा.

खामगावात म्हटलेलं 'हो', अहमदाबादेत ऐकलेलं 'हो'

तोंडी 'हो'ला किती वजन असतं, यावर आपल्या महाराष्ट्राशी संबंधित एक खटला आहे. कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला तो वाचावा लागतो. बीबीएला बिझनेस लॉ होता त्यांना आठवेल.

२२ जुलै १९५९. एका बाजूला अहमदाबादचे व्यापारी, दुसऱ्या बाजूला बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावची जिनिंग-प्रेसिंग आणि तेल गिरणी. खामगाव म्हणजे कापसाची जुनी, मोठी बाजारपेठ. सौदा सरकीच्या पेंडीचा, आणि तो झाला ट्रंक कॉलवर. कागद नाही, सही नाही. पुढे अहमदाबादवाल्यांचं म्हणणं पडलं की ठरलेली पेंड आलीच नाही, आणि त्यांनी अहमदाबादच्या कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. १९५९ सालचे ३१ हजार, लक्षात घ्या.

खामगावच्या पार्टीने मुद्दा काढला की हा दावा अहमदाबादला चालूच शकत नाही. आम्ही 'हो' म्हटलं ते खामगावात बसून, त्यामुळे करार खामगावात झाला. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. पत्राने होणाऱ्या सौद्यात, स्वीकाराचं पत्र पोस्टात टाकलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो, आणि करार पत्र टाकलं त्या जागी झाला असं धरतात. मग फोनलाही तोच नियम का नको?

प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. ३० ऑगस्ट १९६५ ला निकाल लागला, तोही दोन विरुद्ध एक असा. बहुमताचं म्हणणं असं की फोनवरचं बोलणं समोरासमोर बोलण्यासारखंच आहे. तिथे 'हो' म्हटलं एवढ्याने भागत नाही, ते समोरच्याला ऐकू जावं लागतं. ऐकू गेलं अहमदाबादेत, म्हणून करार अहमदाबादचा. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. कायद्यातले शब्द जसे आहेत तसे वाचले तर करार खामगावात झाला, असं ते म्हणाले. गंमत बघा, कायदा १८७२ चा आणि टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात फोन असणं शक्यच नव्हतं.

आपल्याला यातून काय घ्यायचं? तोंडी 'ॲक्सेप्ट' हाही 'ॲक्सेप्ट'च आहे. दुसरं म्हणजे ते 'हो' कुठे पोचलं यावर भांडण कुठल्या गावात लढायचं हे ठरू शकतं. खामगावच्या गिरणीला आपल्या गावात वाद लढता आला असता, तो शेकडो किलोमीटर लांब परक्या शहरात गेला. वकील तिकडचा, तारखा तिकडच्या. तुमचं दुकान सदाशिव पेठेत आणि पार्टी कोइंबतूरची असेल तर या खर्चाचा विचार करा. बिलाखाली बारीक अक्षरात 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन' आपण छापतोच. पण बिल जातं सौदा झाल्यावर. ती ओळ कोटेशनवर टाका, म्हणजे तो जे ॲक्सेप्ट करतोय त्यात ती आधीपासून असेल.

अंगठा दाखवला, झालं का?

आता ट्रंक कॉल गेले, व्हॉट्सॲप आलं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात २०२१ मध्ये एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीचा करार मोबाइलवर पाठवला आणि सौदा नक्की कर म्हणून कळवलं. शेतकऱ्याने नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. माल दिला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठा म्हणजे 'करार मिळाला' एवढंच. म्हणजे 'रिसीव्ह' की 'ॲक्सेप्ट', हाच झगडा! कोर्टाने २०२३ मध्ये तो अंगठा 'ॲक्सेप्ट' धरला आणि ८२ हजार डॉलरच्या वर भरपाई लावली. २०२४ मध्ये अपिलातही तेच टिकलं. त्या दोघांमध्ये आधीचे सौदे अशाच छोट्या उत्तरांवर झाले होते आणि माल गेला होता, हे त्यात महत्त्वाचं ठरलं.

कॅनडाचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. पण आपलाही आयटी कायदा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार मानतो. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा निव्वळ ईमेलच्या देवाणघेवाणीवर पक्का झालेला मानला. सविस्तर करारावर सह्या व्हायच्या होत्या, तरी. तेव्हा ग्रुपवर रेट लिस्ट आली आणि 'बघितलं' एवढंच सांगायचं असेल तर अंगठा नको. 'रेट मिळाले. उद्यापर्यंत कळवतो.' चार शब्द, त्रास वाचतो.

गप्प बसणं म्हणजेसुद्धा 'ॲक्सेप्ट'

हा भाग नीट वाचा, कारण पैसा इथे आहे. इंग्रजीत एक जोड आहे, 'डीम्ड ॲक्सेप्टन्स'. म्हणजे तुम्ही हो म्हटलं नाही, तरी हो म्हटल्यासारखं धरलं जातं. आपल्याकडे 'मौनं सर्वार्थसाधनम्' म्हणतात. व्यवहारात मौनाने कधी तुमचा अर्थ साधतो, कधी समोरच्याचा.

पहिली बाजू, तुम्ही माल बनवून देणारे आहात. समजा भोसरीच्या गाळ्यात तुम्ही कोरुगेटेड बॉक्स बनवता आणि चाकणच्या कंपनीला देता. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे, माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो 'ॲक्सेप्ट' झाला असं धरतात. तिथून घड्याळ सुरू. लेखी ठराव नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, ठराव असेल तर त्या तारखेला, पण काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत. पीओवर ६० किंवा ९० दिवस छापले असले तरी ४५ च्या पुढे ते टिकत नाहीत. मघाच्या साठ दिवसांच्या मेलला इथे उत्तर आहे.

आता नेहमीचा प्रसंग घ्या. चाळिसाव्या दिवशी तुम्ही फोन करता आणि उत्तर येतं, "अहो, तुमच्या मालात प्रॉब्लेम होता, पेमेंट होल्डवर आहे." तेव्हा आवाज चढवायचा नाही. शांतपणे विचारायचं, "साहेब, १५ दिवसांच्या आत लेखी काही कळवलं होतं का?" तोंडी कुरबुर हरकत ठरत नाही. उशीर झाला तर व्याज किती? रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर वर्षाला १८ टक्के, म्हणजे एक लाखावर वर्षभरात साधारण १९,५०० रुपये. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे होते, आणि निकालाविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्समध्ये अशी तरतूद आहे की ही मुदत उलटून दिलेल्या रकमेची खर्चवजावट, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच मिळते. मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले मार्चमध्ये अचानक गोड का बोलतात, ते यावरून कळेल.

दोन अटी मात्र आहेत. हे संरक्षण फक्त मायक्रो आणि स्मॉल उद्योगाला आहे, मीडियमला नाही. आणि उद्यम नोंदणी सौद्याच्या आधीची हवी, भांडण झाल्यावर धावत जाऊन काढलेली कामाची नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारालाही उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. 'ट्रेडर असलात तरी ४५ दिवसांचा कायदा लागू' असं सांगणारे व्हिडिओ फिरतायत, त्यावर जाऊ नका.

दुसरी बाजू, तुम्ही दुकानदार आहात आणि माल घेता. इथे १९३० चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट. माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो तुम्ही स्वीकारला असं धरत नाहीत. पण तीन गोष्टींनी स्वीकार होतो. तुम्ही तसं कळवलंत, किंवा मालाशी मालकासारखं वागलात, म्हणजे किमतीचे स्टिकर लावून विकायला काढलात, किंवा नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतलात. दिवाळीच्या गडबडीत खोके तसेच माळ्यावर टाकायचे आणि पाडव्यानंतर उघडून 'अर्धा माल डिफेक्टिव्ह आहे' म्हणून भांडायचं, हे तुळशीबागेपासून रविवार पेठेपर्यंत चालतं. ओळखीत चालून जातं. ओळख नसेल तर नाही.

म्हणून ट्रान्सपोर्टवाला चलनावर सही मागतो तेव्हा सहीच्या वर लिहा: 'खोकी १२ मिळाली, माल तपासायचा आहे.' इंग्रजीत हवं तर 'रिसीव्ड, सब्जेक्ट टू इन्स्पेक्शन'. छापील शिक्क्यात 'रिसीव्ड इन गुड कंडिशन' असेल तर 'इन गुड कंडिशन' खोडा. तो म्हणेल, "दादा, सगळे अशीच सही करतात." करू दे. माल नाकारलात तर तो स्वतःच्या खर्चाने परत पाठवायची सक्ती तुमच्यावर नाही, वेगळं ठरलं नसेल तर. नाकारला असं कळवणं पुरेसं.

तिसरी जागा जीएसटी पोर्टलची. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आयएमएस आहे. सप्लायरने तुमच्या नावावर टाकलेलं प्रत्येक बिल तिथे दिसतं आणि पर्याय असतात: ॲक्सेप्ट, रिजेक्ट, पेंडिंग. काहीच दाबलं नाही तर? डीम्ड ॲक्सेप्ट. ते बिल तुमच्या टू-बी मध्ये येतं. जो माल तुम्ही घेतलाच नाही त्याचं बिलसुद्धा, कोणी चुकून तुमचा नंबर टाकला असेल तर. त्यावर क्रेडिट घेतलंत की नोटिशीला उत्तर तुम्हालाच द्यायचंय. "ते सीए बघतो" म्हणू नका. माल आला की नाही हे सीएला कसं कळणार? दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी तयार होतं, त्याआधी अर्धा तास काढून यादी डोळ्याखालून घाला.

हुंडीचा शब्द

'ॲक्सेप्ट' म्हणजे पैसे मिळाले असं नाही, हे आपल्या जुन्या पेढ्यांना पक्कं माहीत होतं. हुंडी 'सकारणे' हा मराठीतला खास शब्द. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने ती मान्य करून मुदतीला पैसे देण्याची हमी घेणं म्हणजे सकारणं. रक्कम हातात पडली की ती 'वटली'. सकारणं आणि वटणं, दोन वेगळी क्रियापदं. चेक 'वटला' आपण अजून म्हणतो, 'सकारला' मात्र विसरलो. आणि गरज नेमकी आता आहे. ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत तुमचं बिल मोठ्या कंपनीने 'ॲक्सेप्ट' केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि मुदतीआधी तुम्हाला पैसे मिळू शकतात. ही सरळसरळ सकारलेली हुंडी. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. तुमची पार्टी त्यात बसत असेल तर विचारा, "आमचं बिल ट्रेड्सवर ॲक्सेप्ट कराल का?"

आता थोडं व्याकरण, पटकन. 'ॲक्सेप्ट'च्या पुढे वस्तू किंवा नाम येतं: ऑर्डर, रेट, अट. काम येत नाही. 'वुई ॲक्सेप्ट टू डिलिव्हर बाय मंडे' चूक, तिथे 'वुई ॲग्री टू डिलिव्हर' लिहा. 'ॲग्री'मध्ये दोघांचं एकमत असतं. 'ॲक्सेप्ट'मध्ये एकाने पुढे केलं, दुसऱ्याने घेतलं. पटलं नसलं तरी 'ॲक्सेप्ट' होऊ शकतं, आपल्या 'पत्करलं'सारखं: 'वुई ॲक्सेप्ट द लॉस', नुकसान पत्करलं.

स्पेलिंगचा घोटाळा तर पुण्यातल्या पाट्यांवर कायमचा. 'ए, सी, सी'ने सुरू होतं ते स्वीकारणं. 'ई, एक्स, सी'ने सुरू होतं ते 'एक्सेप्ट', म्हणजे वगळणं. उच्चार आपल्या तोंडी सारखाच. त्यामुळे 'ऑल कार्ड्स एक्सेप्टेड' अशी पाटी रंगवली की तिचा अर्थ होतो 'सगळी कार्डं वगळून'. पेंटरला शब्द कागदावर लिहून द्या.

शेवटी व्हिडिओत दाखवलेले तीन मेसेज, कॉपी करायला सोपे जावेत म्हणून. इंग्रजीच हवं असा हट्ट नाही, मराठीत पाठवलेलंही तितकंच चालतं.

ऑर्डर पक्की करून घेताना: 'आमचं अमुक तारखेचं कोटेशन सर्व अटींसह मान्य आहे, असं कृपया लेखी कळवा. त्यानंतर काम सुरू करू.'

समोरून अट घालून 'हो' आलं तर: 'तुमचा मेसेज मिळाला. क्रेडिटची मुदत आमच्या कोटेशनपेक्षा वेगळी आहे, ती अजून मान्य केलेली नाही. यावर बोलून नक्की करू, तोपर्यंत माल पाठवत नाही.'

आणि माल दिल्यावर, बिलासोबत: 'माल आज पोचला. काही हरकत असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावी.' हा शेवटचा मेसेज डिलिव्हरीच्या दिवशीच पाठवा. चलनाचा फोटो त्याच चॅटमध्ये टाका, तारीख आपोआप पडते.